बोटीच्या ट्रेलरची बेअरिंग दर वर्षी का जातात, आणि ग्रीस केव्हा व कसे भरावे

मालवणहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अठरा फुटी फायबरची बोट आहे आणि तिच्यासाठी स्थानिक वर्कशॉपमध्ये बांधून घेतलेला दोन चाकांचा ट्रेलर आहे. पर्यटनाच्या हंगामात रोज सकाळी ट्रॅक्टरने तो पाण्यात उतरवला जातो, संध्याकाळी बोटीसकट वर ओढला जातो आणि वर्षातून दोन-तीन वेळा घाट चढून कोल्हापूरला नेला जातो. डस्ट कॅपवरच्या (चाकाच्या मध्यावरच्या झाकणावरच्या) निप्पलमधून महिन्याला एकदा गनने ग्रीस भरले जाते, तरीही दर वर्षी पावसाळ्यानंतर एखादे चाक घरघरू लागते आणि बेअरिंग बदलावे लागते. त्यातही डावे चाक जास्त वेळा. बाजारात बेअरिंगच निकृष्ट मिळतात का, की ग्रीस बदलून पाहावे, असे विचारले आहे.

या किनाऱ्यावर गेली सव्वीस वर्षे मी ट्रेलर आणि आउटबोर्ड इंजिनांचे काम करत आहे, आणि हाच प्रश्न शब्द बदलून दर सप्टेंबरमध्ये माझ्यापुढे येतो. माझे उत्तर आधी सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. तुमची बेअरिंग बहुतेक करून रस्त्यावर जात नाहीत; ती पावसाळ्यात, ट्रेलर माडाखाली उभा असताना जातात. सप्टेंबरमध्ये फक्त आवाज ऐकू येतो. म्हणून बेअरिंग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरण्याचे काम हंगाम सुरू होताना नव्हे, तर हंगाम संपताच, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात झाले पाहिजे. महिन्याला गनने भरलेले ग्रीस त्या कामाची जागा घेऊ शकत नाही.

हबच्या, म्हणजे चाकाच्या ज्या मधल्या भागात पुढे आणि मागे अशी दोन बेअरिंग बसतात त्याच्या, आत पाणी कसे शिरते, हे आधी नीट समजून घ्यावे, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ट्रेलर दहा-वीस किलोमीटर चालून आला की हब तापतो आणि त्याच्या आतली हवाही तापून फुगते. त्याच अवस्थेत चाक पाण्यात गेले की हब काही क्षणांत थंड होतो, आतली हवा आकसते आणि हबच्या आत किंचित पोकळी तयार होते. ती भरून काढण्यासाठी मागच्या ऑईल सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढले जाते. सील हे आतले ग्रीस बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेले असते; बाहेरून आत येणाऱ्या दाबापुढे त्याचा ओठ सहज उचलला जातो. प्रत्येक वेळी आत जाणारे पाणी चमचाभरही नसते, पण ते खारे असते आणि एकदा आत गेले की बाहेर पडायला त्याला वाट नसते.

बेअरिंगचे पोलाद हे गंजाला तोंड देणारे पोलाद नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यात कार्बन भरपूर असतो म्हणून ते अतिशय कठीण असते, पण क्रोमियम शंभर भागांत जेमतेम दीड भाग असते. स्टेनलेस म्हणवून घ्यायला ते किमान साडेदहा भाग लागते. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडने अशा पोलादावर बारीक खड्डे पडतात. चाक रोज फिरत असते तोवर रोलर ग्रीसचा पातळ थर सतत नव्याने पसरवत राहतात आणि पाणी एका जागी टिकत नाही. ट्रेलर तीन-चार महिने जागचा हलला नाही, की ग्रीसमधले पाणी सुटून खाली उतरते, सर्वांत खालच्या चार-पाच रोलरांपाशी थांबते आणि नेमक्या त्याच रेषेवर पोलाद खात बसते. कोकणात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हवाही ओलीच असते, त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला सुकायलाही संधी मिळत नाही.

गेल्या वर्षी देवबागहून आलेला एक हब मी उघडला, तेव्हाचे दृश्य सांगतो. डस्ट कॅप काढली तेव्हा पुढचे ग्रीस लाल, स्वच्छ, जणू कालच भरलेले होते, आणि मालकाने समाधानाने मान हलवली. स्प्लिट पिन आणि नट काढून हब अंगाकडे ओढला, तेव्हा मागच्या बाजूने दूध जास्त झालेल्या चहाच्या रंगाचे पातळ ग्रीस माझ्या मनगटावरून ओघळले आणि त्यात वाळूचे कण बोटांना लागत होते. मागचे बेअरिंग रॉकेलमध्ये धुतले. बाहेरच्या कपवर, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कडीवर, खालच्या भागात, रोलरच्या अंतराने उमटलेल्या चार काळ्या रेघा होत्या, फूटपट्टीने आखाव्यात इतक्या सरळ. नख फिरवल्यावर त्यातल्या दोन रेघांत ते अडकले. तो ट्रेलर पावसाळाभर जिथे उभा होता तिथेच ते बेअरिंग संपले होते. पुढच्या शंभर किलोमीटरात त्या रेघांच्या कडा सुटून पापुद्रे निघाले असते.

त्या हबमध्येही महिन्याला गन लावली जात होती. यावरून गनचा दोष लक्षात येईल. निप्पल पुढच्या बाजूला असते, पाणी मागच्या बाजूने येते. पुढून भरलेले नवे ग्रीस जुन्या ग्रीसला आणि त्यातल्या पाण्याला मागच्या बेअरिंगवर आणखी दाबून बसवते. जोर जास्त झाला तर मागचे सील उलटते किंवा जागचे सरकते, आणि मग त्याच वाटेने दर खेपेला दुप्पट पाणी आत येते. ट्रेलरला ब्रेक असतील तर ते ग्रीस ड्रममध्ये उतरून लायनर भिजतात, तो धोका वेगळाच. ज्यांच्या स्टबमध्ये, म्हणजे चाक ज्यावर फिरते त्या एक्सलच्या टोकात, आरपार भोक पाडून ग्रीस आधी मागच्या बेअरिंगच्याही मागे, सीलजवळ सोडण्याची सोय असते, अशा एक्सलची गोष्ट निराळी आहे. तिथे चाक उचलून हळूहळू फिरवत ग्रीस भरले तर जुने ग्रीस पुढून बाहेर पडते आणि काम बरेच चांगले होते. परंतु आपल्याकडे बांधून घेतलेल्या ट्रेलरांत ही सोय मी क्वचितच पाहिली आहे.

आता काम कसे करावे ते सांगतो. ट्रेलर सपाट कठीण जमिनीवर घ्यावा, बोट शक्यतो उतरवावी, दुसऱ्या चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि जॅकने उचलल्यावर एक्सलखाली घोडी किंवा भक्कम लाकूड द्यावे; नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या ट्रेलरखाली हात घालू नये. चाक काढण्याआधी ते वर-खाली धरून हलवून पाहावे आणि कान एक्सलजवळ नेऊन फिरवून ऐकावे. निरोगी बेअरिंग जवळजवळ निःशब्द फिरते. बारीक खरखर आली तर पाणी किंवा वाळू आहे, आणि ठराविक जागी अडकल्यासारखे वाटले तर कपवर खड्डे पडले आहेत असे समजावे.

हब निघाल्यावर मागचे सील काढून टाकावे. ते कितीही चांगले दिसले तरी परत बसवू नये. सीलची किंमत बेअरिंगच्या किमतीपुढे नगण्य असते आणि सगळा बचाव त्याच्याच ओठावर असतो. बेअरिंग रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये ब्रशने धुवावीत, दोन पाण्यांत कपडे धुतात तशी दोन वेळा, दुसऱ्यांदा स्वच्छ रॉकेल घेऊन, आणि कापडावर पूर्ण सुकू द्यावीत. इथे एक ताकीद आवर्जून देतो. कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग भिरभिर फिरवून सुकवण्याची सवय अनेक गॅरेजांतल्या पोरांना असते. कोरडे बेअरिंग तसे फिरवल्याने खराब होतेच, शिवाय रोलरांना जागेवर धरणारी जाळी फुटून रोलर गोळीसारखा उडू शकतो. हवा मारायचीच असेल तर कडी आणि जाळी बोटांनी घट्ट धरून, रोलरच्या लांबीच्या दिशेने मारावी.

धुतल्यानंतरची पाहणी उजेडात आणि सावकाश करावी. रोलर आणि कप करडे, एकसारखे चकचकीत असावेत. निळसर किंवा तपकिरी झाक म्हणजे बेअरिंग तापलेले आहे. रोलरच्या अंतराने काळ्या रेघा म्हणजे पाण्यात उभे राहिल्याचा गंज. पृष्ठभागावरून पापुद्रे निघालेले असणे म्हणजे आयुष्य संपले. रेघ केवळ डागासारखी असेल आणि नख अजिबात अडकत नसेल तर किनाऱ्यावरच्या कामाला ते बेअरिंग आणखी एक हंगाम मी वापरू देतो, घाटाच्या प्रवासाला मात्र नाही. बदलायचे ठरले तर आतली कडी आणि बाहेरचा कप जोडीनेच बदलावा. जुन्या कपवर नवी कडी बसवली की नवे रोलर जुन्या खड्ड्यांवरून फिरतात आणि तो खर्च वाया जातो.

बेअरिंगचा नंबर कडीवर आणि कपवर कोरलेला असतो; तो वहीत लिहून ठेवावा. आपल्याकडे बांधलेल्या ट्रेलरांत बहुधा मेट्रिक टेपर बेअरिंग असतात. त्यांत ३०२०५ सारख्या नंबरच्या शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणजे ३०२०५ ला २५ मिलीमीटर आणि ३०२०६ ला ३० मिलीमीटर. परदेशातून आलेल्या ट्रेलरांत इंची मापाचे एल ४४६४३ किंवा एल ४४६४९ असे नंबर सापडतात. दोघांचाही कप एल ४४६१० हाच असतो, पण पहिल्याचे भोक २५.४ मिलीमीटरचे आणि दुसऱ्याचे सुमारे २७ मिलीमीटरचे असते, त्यामुळे कप जुळला म्हणून कडी जुळेलच असे नाही. तुमच्या प्रश्नातल्या निकृष्ट मालाच्या शंकेत तथ्य नाही असे नाही, कारण नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट बेअरिंग बाजारात येतात आणि ती अधिकृत विक्रेत्याकडूनच पावती घेऊन घ्यावीत. पण अस्सल बेअरिंगसुद्धा चार महिने खाऱ्या पाण्यात उभे राहून टिकणार नाही.

नवा कप बसवताना तो हबच्या भोकात सरळ उतरला पाहिजे. मी कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो, त्याने तो किंचित आकसतो, आणि जुना कप उलटा ठेवून किंवा पितळी पंचने, समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीने हलके ठोके देत तो खाली नेतो. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बोदा आवाज जाऊन खणखणीत येतो. तो आवाज आल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. कप केसभर जरी वर राहिला, तरी पहिल्या प्रवासात तो बसतो आणि नट आपोआप सैल झाल्यासारखा होतो.

ग्रीसच्या निवडीबद्दल बरेच गैरसमज आहेत. गॅरेजमध्ये शॅसिससाठी वापरले जाणारे स्वस्त चुन्याच्या साबणाचे ग्रीस पाण्याला चांगला विरोध करते, पण सुमारे १०० अंश सेल्सियसच्या आसपासच ते वितळून गळू लागते, म्हणून रस्त्यावर धावणाऱ्या चाकाला ते चालत नाही. सर्वत्र मिळणारे लिथियमचे ‘एपी थ्री’ उष्णता बरी सोसते, त्याचा गळण्याचा बिंदू १८० अंशांच्या वर असतो, मात्र खारे पाणी मिसळल्यावर गंज रोखण्याची त्याची ताकद बेताची असते. बोटीच्या ट्रेलरला लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचे मरीन ग्रीस किंवा त्याहून चांगले म्हणजे कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स ग्रीस घ्यावे. दोन्हींचा गळण्याचा बिंदू २५० अंशांच्या वर असतो आणि दुसऱ्या प्रकारात गंज रोखण्याचा गुण साबणातच असतो. घट्टपणा एनएलजीआय २ नंबरचा असावा. डब्यावर ‘जीसी-एलबी’ अशी खूण असेल तर ते चाकाच्या बेअरिंगसाठी तपासलेले ग्रीस आहे. रंगावरून काहीही ठरवू नये, कारण निळा किंवा लाल हा केवळ कंपनीने घातलेला रंग असतो. आणि दोन वेगळ्या जातींची ग्रीस एकमेकांत मिसळू नयेत. विशेषतः पॉलियुरिया जातीचे ग्रीस लिथियममध्ये मिसळले तर अनेकदा मिश्रण पातळ होऊन वाहू लागते. जुने पूर्ण धुऊन काढल्यावर नवी जात सुरू करावी, आणि मग वर्षानुवर्षे तीच ठेवावी.

बेअरिंगमध्ये ग्रीस भरणे म्हणजे त्याला बाहेरून ग्रीस चोपडणे नव्हे. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्यावा, बेअरिंगची रुंद बाजू खाली धरून तिची कड त्या गोळ्यात तळहातावर दाबत, ओढत राहावे. असे करताना ग्रीस रोलरांच्या फटींतून वर चढते आणि अरुंद बाजूने बारीक दोऱ्यांसारखे बाहेर डोकावते. ते दिसले की बेअरिंग थोडे फिरवून पुढची कड घ्यावी, आणि असा पूर्ण एक फेरा झाल्यावर दुसरा फेरा करावा. शेवटी रोलरांवर बाहेरून एक थर द्यावा, कपच्या आत एक थर द्यावा आणि स्टबलाही बोटाने पुसट थर लावावा, म्हणजे आतली कडी पुढच्या वर्षी गंजून चिकटणार नाही. सीलचा ओठ कोरडा ठेवू नये, कारण कोरडा ओठ लवकर जळतो. सीलमधली बारीक स्प्रिंग हबच्या आतल्या बाजूला येते. ते उलटे बसवलेले मी अनेकदा पाहिले आहे.

हबच्या मधल्या पोकळीत किती ग्रीस ठेवावे, यावर मतभेद आहेत आणि माझे मत कामानुसार बदलते. हमरस्त्यावर लांब धावणाऱ्या ट्रेलरला पोकळी पूर्ण भरू नये, कारण अतिरिक्त ग्रीस घुसळले जाऊन तापते. कपच्या कडेच्या पातळीपर्यंत सभोवार थर पुरे. तुमच्यासारखा ट्रेलर मात्र रोज दोन-तीनशे मीटर, ट्रॅक्टरच्या चालीने जातो आणि रोज बुडतो. अशा हबमध्ये मी ग्रीस जवळजवळ पूर्ण भरतो, कारण जितकी हवा कमी तितकी आकसण्यासारखी वस्तू कमी, आणि पाणी ओढले जाण्याचे कारणच घटते. डस्ट कॅपऐवजी स्प्रिंगची चकती असलेले बेअरिंग प्रोटेक्टर बसवले तर आणखी चांगले. त्यातली स्प्रिंग आतल्या ग्रीसवर बाहेरच्या पाण्यापेक्षा किंचित जास्त, साधारण तीन पीएसआयचा दाब ठेवते. चकती आत बसलेली दिसली तरच थोडे ग्रीस भरावे आणि ती बाहेर सरकताच थांबावे. प्रोटेक्टर लावला म्हणून वर्षाची धुलाई चुकवू नये.

नट आवळणे हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि त्यात मी स्वतः एकदा चूक केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका बोटमालकाचा ट्रेलर मी चाकाला जराही प्ले, म्हणजे सैलपणा, राहू नये म्हणून नट ताणून बंद केला. फोंडा घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत हबमधून धूर येत होता आणि बेअरिंगची आतली कडी स्टबला चिकटून बसली होती. टेपर बेअरिंगला गरम झाल्यावर फुगायला जागा हवी असते, ती मी ठेवली नव्हती. योग्य रीत अशी: हब हाताने फिरवत नट पान्याने चांगला आवळावा, साधारण ६५ ते ७० न्यूटन मीटरपर्यंत, म्हणजे रोलर कपवर नीट बसतात आणि मधले जास्तीचे ग्रीस निघून जाते. मग हब न फिरवता नट पूर्ण सैल करावा आणि केवळ बोटांनी, पान्याशिवाय, टेकेपर्यंत फिरवावा. पिनचे भोक जुळले नाही तर नट पुढे आवळू नये, मागे घेऊन जवळच्या खाचेत पिन घालावी. चाकाला अगदी पुसट प्ले जाणवला पाहिजे, मिलीमीटरच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. स्प्लिट पिन दर वेळी नवीन घ्यावी.

चाकाच्या आकाराचाही बेअरिंगच्या उष्णतेशी संबंध आहे. आठ इंची रिमच्या छोट्या चाकाचा घेर सुमारे १.३ मीटर असतो, त्यामुळे ताशी ६० किलोमीटरला ते मिनिटाला जवळपास ७७० फेरे घेते, तर ओढणाऱ्या गाडीचे चाक त्याच वेगाला पाचशेच्या आसपास. म्हणून कोल्हापूरला जाताना कसालच्या आसपास पहिला थांबा घ्यावा आणि दोन्ही हबांना हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट ठीक, आणि दोन्ही सारखेच गरम असतील तरी चिंता नाही. एक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल, किंवा हात टेकवून ठेवता येत नसेल, तर घाट चढू नये. सोबत एक तयार हब, बेअरिंग आणि सील बसवून, ग्रीस भरून, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला ठेवावा. घाटात रात्रीच्या वेळी बेअरिंग ठोकून बदलण्यापेक्षा पूर्ण हब बदलणे अर्ध्या तासाचे काम आहे.

प्रवास करून आल्यावर बोट लगेच पाण्यात लोटू नये. हब हाताला गार लागेपर्यंत, किमान अर्धा तास, थांबावे. या थांबण्याला खर्च शून्य आहे आणि माझ्या मते कोणत्याही महागड्या ग्रीसपेक्षा त्याचा उपयोग जास्त आहे. संध्याकाळी ट्रेलर वर आला की हब, रिम आणि स्प्रिंगपट्ट्या गोड्या पाण्याने धुवाव्यात, पण प्रेशर पंपाची धार सीलवर मारू नये. देवबाग-तारकर्लीच्या पट्ट्यात मार्च-एप्रिलनंतर किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते, आणि भरतीच्या वेळी कर्ली नदीचे पाणीही खारेच असते. अशा पाण्याने धुणे हे न धुण्याच्याच जवळचे आहे. त्या दिवसांत आतल्या विहिरीचे दोन बादल्या पाणी आणून ओतावे.

तुमच्या रोजच्या वापरासाठी मी आणखी एक गोष्ट सुचवेन. किनाऱ्यावर उतरवण्या-चढवण्यासाठी वेगळी, साधी ट्रॉली बांधून घ्यावी, जिच्या चाकांत रोलर बेअरिंगच नसून जाड नायलॉनचे बुश असतील. बुशला खारे पाणी बाधत नाही, वाळूने तो झिजतो, पण तो स्वस्त असतो आणि हंगामाअखेर बदलून टाकता येतो. तुमच्या किनाऱ्यावर उतार इतका मंद आहे की बोट तरंगेपर्यंत चाके पूर्ण बुडवावीच लागतात, त्यामुळे चाके कोरडी ठेवण्याचा सल्ला तिथे पाळता येत नाही. रस्त्याचा ट्रेलर मग फक्त रस्त्यावर चालेल आणि त्याची बेअरिंग वर्षाला एकदा उघडली तरी पुरतील. एकच ट्रेलर दोन्ही कामांना ठेवायचा असेल, तर जानेवारीत एकदा आणि मेअखेरीस एकदा, असे दोन वेळा उघडणे मी आवश्यक मानतो.

मेअखेरीचे काम झाल्यावर ट्रेलर उभा करताना एक्सलखाली लाकडे देऊन चाके जमिनीवरून चार बोटे उचलून ठेवावीत. पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी प्रत्येक चाक हाताने दहा-बारा फेरे फिरवावे आणि थांबताना आधीच्या जागेवर थांबू देऊ नये, म्हणजे त्याच रोलरांवर भार आणि ओल राहत नाही. टायरच्या वाल्वला खडूने खूण केली तर हे लक्षात ठेवणे सोपे जाते. माझ्याकडे येणारे जे मालक एवढे करतात, त्यांच्यापैकी काहींची बेअरिंग सहा-सात हंगाम टिकली आहेत.

राहिले तुमचे डावे चाक. एकाच बाजूचे बेअरिंग पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष बेअरिंगमध्ये किंवा ग्रीसमध्ये शोधू नये, तो स्टबमध्ये किंवा हबमध्ये असतो. हब काढल्यावर स्टबचा मागचा भाग, जिथे सीलचा ओठ टेकतो, रॉकेलने पुसून घ्यावा आणि त्यावर आडवे नख ओढावे. जुन्या गंजाने किंवा वाळूने तिथे गोल खाच पडलेली असेल तर कोणतेही नवे सील तिथे पाणी अडवू शकत नाही. खाच नखाला पुसट लागत असेल तर ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, स्टबभोवती गोल फिरवत, ती घासून काढावी. नख अडकत असेल तर त्या मापाची पातळ स्टेनलेसची बाही वर चढवून घ्यावी, किंवा लेथवाल्याकडून तो भाग भरून पुन्हा टर्न करून घ्यावा. खाच नसेल तर कप हबमध्ये हाताने फिरतो का ते पाहावे. फिरत असेल तर हबच बदलावा लागेल. तेही ठीक असेल तर दोन्ही टायरांची झीज शेजारी शेजारी ठेवून पाहावी. डावे टायर एका कडेने जास्त झिजलेले असेल तर स्टब वेल्डिंगच्या वेळी किंवा नंतर वाकला आहे, आणि त्यामुळे भार सगळाच्या सगळा एका बेअरिंगवर पडतो. माझा अंदाज सीलच्या खाचेचा आहे, कारण महिनोन्महिने ग्रीस भरूनही तुमच्या डाव्या रिमच्या आतल्या बाजूला तेलकट चट्टा दिसतो असे तुम्ही लिहिले आहे, आणि ग्रीस ज्या वाटेने बाहेर येते त्याच वाटेने पाणी आत जात असते.